सदिच्छा पुरेशी आहे काय?



सर्व कर्मे निय्यतीवर अवलंबून असतात, ही हदीस आपल्या मुलांना मकतबमध्येच पाठ होते. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहाचा आरंभ तिनेच केला आहे. निय्यत शुद्ध नसेल तर मोठ्यात मोठे सत्कर्मही अल्लाहच्या दरबारी कवडीमोल ठरते, हा तिचा बोध निर्विवाद आहे. परंतु याच हदीसच्या आडोशाने एक चुकीचा समज आपल्या घराघरांत रुजला आहे. मन स्वच्छ असले की हातून काय घडले याचा जाब विचारला जाणार नाही, असे आपण गृहीत धरू लागलो आहोत.

हा समज किती घातक आहे हे पाहायचे असेल तर घरात कोणी भाजले, कोणाला साप चावला, कोणाची शुद्ध हरपली की आपण काय करतो ते आठवून पाहावे. भाजलेल्या हातावर टूथपेस्ट फासली जाते. फेफरे आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरली जाते. सर्पदंश झालेल्या पायाला दोरी करकचून आवळली जाते. बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात पेलाभर पाणी ओतले जाते. हे सारे करणारे हात कोणा शत्रूचे नसतात. ते आईचे, भावाचे, शेजाऱ्याचे असतात आणि त्यांची निय्यत निखळ असते. तरीही त्यांच्यामुळे इजा वाढते, आणि कधी कधी वाचू शकणारा जीव जातो.

म्हणून आज एका प्रश्नाचा शांतपणे विचार करावयाचा आहे. दुसऱ्याचा जीव आपल्या हाती असताना केवळ सदिच्छा पुरेशी आहे काय? आणि ती पुरेशी नसेल, तर वेळ येण्यापूर्वी शिकून न घेणे हा आपला दोष ठरतो काय?

एका जखमी प्रवाशाची हदीस

हजरत जाबिर (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. काही सहाबी प्रवासात असताना त्यांच्यापैकी एकाला दगड लागून डोक्याला जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल अनिवार्य झाले, तेव्हा त्याने सोबत्यांना विचारले की, अशा अवस्थेत मला तयम्मुमची सवलत मिळू शकेल काय? पाणी उपलब्ध आहे आणि तू ते वापरू शकतोस, म्हणून तुला सवलत दिसत नाही, असे उत्तर त्यांनी दिले. त्याने स्नान केले आणि त्यातच त्याचा अंत झाला. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी सल्ला देणाऱ्यांनाच त्या मृत्यूस जबाबदार धरले आणि अत्यंत कठोर शब्दांत त्यांची निर्भर्त्सना केली. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, असे सांगून प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की अज्ञानाच्या रोगावर विचारणे हाच उपचार आहे.

या हदीसवर थोडे थांबून चिंतन करावे. त्या सोबत्यांची निय्यत वाईट होती असे कोणी म्हणू शकेल काय? उलट, शरीअतचा आदेश काटेकोर पाळला जावा हीच त्यांची तळमळ होती. त्यांचे चुकले ते इतकेच की ज्या विषयाचे ज्ञान नव्हते त्या विषयात त्यांनी ठाम मत दिले, आणि किंमत दुसऱ्याने मोजली. दयेचा सागर असलेल्या प्रेषितांनी (स.) येथे त्यांच्या सदिच्छेकडे पाहून त्यांना सोडून दिले नाही. आणखी लक्षात घ्यावे की प्रेषितांनी (स.) अज्ञानाला रोग मानले आणि त्याचे औषधही दाखवून दिले. औषध हाताशी असूनही जो ते घेत नाही, त्याला आपल्या रोगाचे निमित्त सांगता येत नाही.

दुसरी एक हदीस अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा या तिन्ही संग्रहांत आहे. वैद्यकाचे ज्ञान असल्याची ज्याची ख्याती नाही, त्याने उपचार केला तर होणाऱ्या हानीची भरपाई त्याच्यावर येते, असा तिचा आशय आहे. दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमधील ३६ वी आयतही हेच सूत्र व्यापक रूपात मांडते. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कारण कान, डोळे आणि हृदय या सर्वांबाबत विचारणा होणार आहे, अशी ताकीद तीत आहे.

मग हात लावूच नये काय?

एवढे वाचून एखादा वाचक म्हणेल की मग दूर राहणेच बरे. ज्ञान नाही, तर जखमीला हात लावण्याच्या भानगडीत पडावेच कशाला? आजकाल रस्त्यावर अपघात झाला की भोवती कडे करून उभे राहणारे आणि मोबाइलवर चित्रण करणारे लोक बहुधा याच विचाराचे असतात. इस्लामने हा मार्गही बंद केला आहे.

सूरह अल-माइदाच्या ३२ व्या आयतीत आदम (अ.) यांच्या दोन पुत्रांच्या वृत्तांतानंतर सांगितले आहे की एका निरपराध जिवाची हत्या ही जणू साऱ्या मानवजातीची हत्या आहे आणि एका जिवाला वाचवणे म्हणजे जणू साऱ्या मानवजातीला वाचवणे आहे. तेथे शब्द ‘नफ्स’ असा आहे. त्याला धर्म, जात किंवा नाते यांचे विशेषण जोडलेले नाही. एका यहुदी माणसाची अंत्ययात्रा जात असताना प्रेषित (स.) उभे राहिले आणि कोणीतरी तो यहुदी असल्याचे लक्षात आणून दिले, तेव्हा तोही एक नफ्स नव्हता काय, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. बुखारीतील ही हदीस आपल्या मिश्र वस्त्यांत राहणाऱ्या प्रत्येक मुस्लिमाने मनावर कोरून ठेवावी. रस्त्यावर पडलेल्या माणसाचे नाव विचारून मग मदत करणे हे उम्मतीला शोभणारे नाही.

आता दोन्ही बाजू समोर ठेवू. एकीकडे ज्ञानाविना कृती करण्यास मनाई आहे. दुसरीकडे जिवाला वाऱ्यावर सोडण्यासही मनाई आहे. या दोहोंच्या मधून सुखरूप जाणारा मार्ग एकच उरतो, आणि तो म्हणजे प्रसंग येण्यापूर्वी शिकून ठेवणे. उसूलच्या ग्रंथांत एक नियम सांगितला जातो की, ज्या गोष्टीवाचून अनिवार्य कर्तव्य पूर्ण होत नाही, ती गोष्टही अनिवार्य होते. नमाज फर्ज आहे, म्हणून वुजू आवश्यक आहे. त्याच न्यायाने जीव वाचवणे कर्तव्य असेल तर जीव कसा वाचवतात हे शिकणेही कर्तव्यातच मोडते.

इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात वैद्यकशास्त्राला फर्जे-किफाया म्हटले आहे. समाजातील काहींनी ते पार पाडले तर इतरांवरील भार उतरतो, कोणीच पार पाडले नाही तर सारे दोषी ठरतात. आपल्या काळातील विद्यार्थी फिक्हच्या वादांकडे गर्दी करतात आणि वैद्यकाकडे पाठ फिरवतात, याची त्यांनी खंतही व्यक्त केली आहे. कोणी म्हणेल, आज शहरोशहरी डॉक्टर आहेत, तेव्हा हा फर्ज पार पडला. याबाबत थोडा विचार करावा. किफाया म्हणजे पुरेसे होणे. गरज भागली तरच तो फर्ज फिटतो. हृदय थांबले की चार-पाच मिनिटांतच मेंदूच्या पेशींना इजा पोहोचू लागते. एवढ्या अवधीत तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टर आपल्या स्वयंपाकघरात पोहोचू शकत नाही. त्या पहिल्या पाच मिनिटांचा फर्ज घरात हजर असलेल्यांवरच येतो. म्हणून माझ्या अल्पमतीनुसार प्रत्येक कुटुंबातील किमान एका व्यक्तीने प्रथमोपचार शिकणे हा या फर्जे-किफायाचाच भाग आहे.

उहुदच्या मैदानावरील उपचार

प्रथमोपचार ही आधुनिक काळाने आणलेली परकी गोष्ट आहे असे समजू नये. उहुदच्या युद्धात प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याला जखम झाली आणि दात दुखावला. हजरत सहल बिन साद (रजि.) सांगतात की हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी आणून ओतत होते आणि हजरत फातिमा (रजि.) जखम धूत होत्या. पाण्याने रक्त वाढतच आहे असे पाहताच त्यांनी चटईचा एक तुकडा जाळून त्याची राख जखमेवर लावली आणि रक्त थांबले. बुखारी आणि मुस्लिम या दोहोंत ही हदीस आहे.

येथे राखेपेक्षा हजरत फातिमांच्या (रजि.) वर्तनाकडे लक्ष द्यावे. समोर पिता आहे, अल्लाहचे प्रेषित (स.) आहेत, चेहरा रक्ताने माखलेला आहे. अशा क्षणीही त्या जखमेचे निरीक्षण करीत होत्या. एका उपायाने रक्त थांबत नाही हे दिसताच त्यांनी तो सोडला आणि आपल्या काळात ठाऊक असलेला दुसरा उपाय योजला. राख हे त्या काळचे साधन होते. आज जखमेवर राख, हळद किंवा कॉफीची पूड भरू नये, त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. आपल्यासाठी आदर्श आहे तो धीर, ते निरीक्षण आणि उत्तम ज्ञात साधनाचा वापर.

महिलांनी या विषयापासून दूर राहावे असाही समज आहे. हजरत रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) आणि हजरत उम्मे अतिय्या (रजि.) या सहाबिया युद्धात पाणी पाजत व जखमींवर उपचार करीत. हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू मस्जिदे-नबवीतच उभारलेला होता आणि खंदकच्या युद्धात जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना तेथे ठेवण्यात आले होते. ज्या मशिदीत वहीचे पठण होई, तिच्याच आवारात जखमींची शुश्रूषाही होई. आपल्या मशिदींना या वारशाची आठवण देण्याची गरज आहे.

दुआ आणि दवा

काही श्रद्धाळू बंधू विचारतात की, जीवन-मरण अल्लाहच्या हाती आहे, मग एवढा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. शाममध्ये प्लेगची साथ असल्याचे समजताच त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असे त्यांनी उत्तर दिले. जखम ही तकदीर असेल, तर जखमेवर दाबून धरलेले कापडही तकदीरच आहे.

सर्पदंश आणि विंचूदंशाच्या वेळी हा प्रश्न अधिक टोकदार होतो. एका टोळीच्या सरदाराला विषारी दंश झाला असता एका सहाबींनी (रजि.) सूरह फातिहा पठण केली आणि त्याला आराम पडला, ही हदीस सही आहे आणि आपली तिच्यावर श्रद्धा आहे. परंतु ज्या प्रेषितांनी (स.) त्या पठणाला मान्यता दिली, त्यांनीच उपचार करण्याचा आदेशही दिला आणि अल्लाहने प्रत्येक रोगाबरोबर त्याचे औषधही उतरवले आहे असे शिकवले. म्हणून फातिहा अवश्य पठण करावी. पठणाला जीभ लागते, आणि जीभ रुग्णालयाकडे धावणाऱ्या रिक्षातही चालते. पठणासाठी वाहन थांबवण्याची गरज नाही.

आपल्या महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आहेत, आणि कोकणात फुरशाचे दंश विशेष होतात. बहुतेक साप मात्र बिनविषारी असतात, आणि विषारी सापाच्या प्रत्येक दंशात पुरेसे विष उतरतेच असेही नाही. म्हणूनच मांत्रिकाकडे गेलेले अनेक जण बरे होतात आणि त्याची कीर्ती वाढते. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले आहे, तो मात्र त्या ओट्यावर मौल्यवान वेळ गमावून बसतो. मण्यारचा दंश बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्याला होतो. त्यात सूज नाही, फारशी वेदनाही नाही, म्हणून दुर्लक्ष होते आणि पुढे श्वासच थांबू लागतो. दंश झालेल्याला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंशाचा हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठ्या-पैंजण काढावेत आणि तडक रुग्णालय गाठावे. दोरीने आवळणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, यांतले काहीही करू नये. प्रतिसर्पविषाच्या लसीला दुसरा पर्याय नाही. विंचवाच्या बाबतीत तर आपल्याच महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी साध्या प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून असंख्य जीव वाचवण्याचा मार्ग मोकळा केला. अल्लाहने उतरवलेले औषध शोधण्याचे हे कष्ट ज्या कोणी घेतले, त्याचे उपकार मानणे आपल्या शिकवणुकीत बसते.

काही नित्याचे प्रसंग

येथे संपूर्ण शिक्षण देणे शक्य नाही, ते प्रत्यक्ष प्रशिक्षणातूनच मिळते. तरी ज्या चुका सदिच्छेपोटीच अधिक होतात त्यांचा उल्लेख आवश्यक आहे.

भाजल्यावर तो भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. बर्फ, तूप, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नये. बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, मात्र कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. मग स्वच्छ कापडाने सैल झाकावे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून घट्ट दाबून धरावे. थांबले की नाही हे पाहण्यासाठी ते पुन्हा पुन्हा उचलू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. रुतलेली काच वा सळई ओढून काढू नये.

फेफरे आले असता रुग्णाला दाबून धरू नये, दातांत चमचा घालू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू हटवाव्यात, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावे, झटके थांबताच कुशीवर वळवावे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवावे. पाच मिनिटांहून अधिक काळ झटके राहिले तर रुग्णालयात न्यावे. जिन्नची बाधा म्हणून मारहाण करणे किंवा मिरचीची धुरी देणे हा उघड जुलूम आहे.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, जमजमदेखील नाही. जमजमच्या बरकतीवर आपली श्रद्धा आहे, पण गिळण्याची शक्ती गेलेल्या माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन त्याचा श्वास कोंडू शकते. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर निजवावे. रमजानमध्ये मधुमेही रोजेदाराला घाम फुटला, थरथर सुटली, बोलणे असंबद्ध झाले, तर तो गिळू शकत आहे तोवरच त्याला साखरेचे पाणी द्यावे. मगरिबला अर्धाच तास उरला आहे असे म्हणून थांबू नये. रोज्याची कजा करता येते.

घास अडकून आवाजच फुटेनासा झाला तर पाठीवर खवाट्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा, आणि हे आळीपाळीने करावे. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर मात्र असा दाब कधीही देऊ नये. त्याला पालथे धरून पाठीवर थापा द्याव्यात व उताणे करून दोन बोटांनी छातीवर दाब द्यावा.

विजेचा धक्का बसलेल्याला शिवण्याआधी मुख्य बटण बंद करावे. बुडणाऱ्यासाठी पोहता न येणाऱ्याने उडी टाकू नये. दोरी, बांबू, ओढणी फेकावी. स्वतःला विनाशात लोटू नये हीदेखील कुरआनचीच आज्ञा आहे. बाहेर काढल्यावर पोट दाबत किंवा उलटे टांगत बसू नये, आधी श्वास पाहावा.

आणि जो हाकेला प्रतिसाद देत नाही, ज्याचा श्वास थांबला आहे किंवा नुसते आचके येत आहेत, त्याच्यासाठी १०८ किंवा ११२ वर फोन करून ताबडतोब छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी दाब द्यावयास सुरुवात करावी. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने असावा. प्रशिक्षण असल्यास श्वासही द्यावा, बुडालेल्याच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा असतो. या दाबाने कधी बरगडी मोडते. सूरह अल-कहफमध्ये हजरत खिज्र (अ.) यांनी गरिबांची नाव फोडल्याचा वृत्तांत आहे. जुलमी राजाने ती हिसकावू नये म्हणून त्यांनी तिच्यात दोष निर्माण केला. मोठी हानी टाळण्यासाठी लहान हानी पत्करावी, हा फुकहांचा नियम येथे डोळ्यांसमोर उभा राहतो. मात्र खिज्र (अ.) यांच्याकडे अल्लाहने दिलेले ज्ञान होते, हे विसरू नये. त्या ज्ञानाविना तीच कृती निव्वळ मोडतोड ठरली असती.

स्पर्श, सतर आणि इबादत

परक्या स्त्रीला किंवा परपुरुषाला अशा वेळी स्पर्श करावा काय, हा प्रश्न तरुण मुले-मुली वारंवार विचारतात. सहाबियांनी जखमी पुरुषांवर केलेले उपचार वर सांगितले आहेतच. निकड निषिद्ध गोष्टीलाही वैध करते, आणि ती निकडीपुरतीच वैध असते, ही दोन्ही सूत्रे एकत्र वाचावीत. स्त्री उपलब्ध असेल तर स्त्रीला स्त्रीनेच मदत करावी. नसेल तर संकोचापायी तिला मरू देणे ही हया नव्हे. जेवढा स्पर्श आणि जेवढे अंग उघडणे आवश्यक आहे तेवढेच करावे, आणि लगेच झाकावे.

या झाकण्यालाही मोठे मोल आहे. फेफऱ्याचा आजार असलेली एक स्त्री प्रेषितांकडे (स.) आली. सहनशीलतेच्या बदल्यात जन्नत की आजारातून मुक्तीसाठी दुआ, असा पर्याय तिच्यापुढे ठेवला गेला, तेव्हा तिने सहन करणे पत्करले. पण झटक्यांच्या वेळी माझे अंग उघडे पडते, ते पडू नये यासाठी दुआ करावी, अशी विनंती तिने केली, आणि प्रेषितांनी (स.) ती दुआ केली. रोग सोसायला तयार असलेल्या त्या भगिनीला अब्रूची चिंता होती. रस्त्यावर विव्हळणाऱ्या माणसाचे चित्रण करून ते साऱ्या गटांत पाठवणाऱ्यांनी ही हदीस वाचावी. ज्याला काहीच येत नाही, त्याने निदान आपली चादर त्या देहावर घालावी आणि गर्दी हटवावी. हाही प्रथमोपचारच आहे.

इबादतीत असताना प्रसंग आला तर? फुकहांनी स्पष्ट लिहिले आहे की बुडणाऱ्याची, जळणाऱ्याची वा संकटग्रस्ताची हाक कानी आली आणि आपण मदत करू शकत असलो, तर फर्ज नमाजही मोडून धावून जावे. नमाज पुन्हा अदा करता येते. शेजारचा नमाजी कोसळला असता सलाम फिरेपर्यंत वाट पाहणारा शरीअतचा आदर करीत नाही, तो तिचा क्रम विसरलेला असतो.

भय आणि जबाबदारी

पोलिसांच्या चौकशीचे भय हे अनेकांचे शेवटचे कारण असते. ते भयही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. रस्ते अपघातातील जखमीला सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

फिक्हमध्येही असा दिलासा आहे. शरीअतने ज्याची अनुमती दिली आहे ते कृत्य योग्य रीतीने केले तर त्यातून उद्भवलेल्या हानीची भरपाई कर्त्यावर येत नाही, हा नियम उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या संहितेत नमूद आहे. म्हणजे शिकून, योग्य पद्धतीने, प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि तरीही जीव गेला, तर मदत करणाऱ्याने स्वतःला दोष देत आयुष्यभर झुरू नये. निकाल अल्लाहच्या हाती होता, आपल्याकडे प्रयत्न मागितला होता, तो आपण दिला. परंतु हा दिलासा शिकलेल्याला आहे. ज्याच्या दाराशी ज्ञान आले आणि ज्याने ते घेतले नाही, त्याने कायद्याच्या माफीवर समाधान मानू नये. कायदा कृतीनंतर प्रश्न विचारतो. अल्लाहच्या दरबारात कृतीपूर्वीच्या वर्षांबद्दलही विचारणा होईल, आयुष्य कशात घालवले आणि ज्ञानाचे काय केले, असे तेथे विचारले जाणार आहे.

आता आपण काय करावे? मशिदीच्या विश्वस्तांनी वर्षातून एकदा तरी जाणकारांना बोलावून प्रत्यक्ष प्रशिक्षण ठेवावे, महिलांसाठी स्वतंत्र वर्ग भरवावा. मदरशातील मोठ्या विद्यार्थ्यांना तहारतच्या प्रकरणाबरोबरच जखम बांधायलाही शिकवावे. ज्या इमामाच्या मागे शेकडो लोक उभे राहतात, त्याला छातीवर दाब कसा देतात हे ठाऊक असावे. घरात एक प्रथमोपचार पेटी असावी आणि आपत्कालीन क्रमांक मुलांना कलम्याप्रमाणे पाठ असावेत. यासाठी फार खर्च लागत नाही, एक दुपार पुरेशी होते.

तर मग सदिच्छा पुरेशी आहे काय? ती मूळ आहे, तिच्यावाचून काहीच स्वीकारले जात नाही. पण ज्याला खरोखर दुसऱ्याचे भले हवे असते, तो ते भले कसे होते हे शिकल्यावाचून राहत नाही. शिकण्याची इच्छाच नसलेल्या सदिच्छेने स्वतःलाच एकदा विचारावे की आपण खरोखर निय्यत आहोत, की मनाची नुसती समजूत?

हे अल्लाह! आम्हाला उपयुक्त ज्ञान दे, आमच्या हातून कोणाचीही हानी होऊ देऊ नकोस, संकटग्रस्ताच्या मदतीला धावण्याचे धैर्य आणि त्यासाठी लागणारी समज आम्हाला प्रदान कर. आमच्या रुग्णांना शिफा दे आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना उत्तम मोबदला दे. आमीन.